विहिरीत आधी कोण उतरणार: माणूस की सेन्सर?

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर पाण्यासाठी वापरात नव्हती. बायोगॅसच्या खड्ड्यासारखा तिचा वापर होत होता आणि आत शेणाचा राडा साचलेला होता. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग त्याच्यासाठी तिसरा. असे सहा जण उतरले आणि पाच जणांचा जीव गेला. जो वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर असेच गेले.

परभणीला लागूनच जालना जिल्ह्याचा परतूर तालुका आहे आणि त्यात आष्टी हे गाव. (आष्टी म्हटलं की अनेकांना बीडची आठवते; ही जालन्याची.) आष्टी काय किंवा मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, एप्रिल-मे उजाडला की विहिरीचा गाळ काढणं, विहीर खोल करणं, बंद पडलेली मोटार बघायला आत उतरणं ही कामं निघतातच. "विहिरीत गॅस धरलाय" हे वाक्य इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण हा ‘गॅस’ म्हणजे नेमकं काय? तो दिसत नाही, मग ओळखायचा कसा? आणि आता ज्यांच्याबद्दल बरंच ऐकू येतं, ते नखाएवढे, अगदी थोड्या विजेवर चालणारे सेन्सर इथे खरंच कामाला येतील का? सविस्तर समजून घेऊ.

विहिरीत असतं तरी काय?

‘गॅस’ हा एक वायू नाही. जागेनुसार तो बदलतो.

पहिली गोष्ट म्हणजे ऑक्सिजन कमी असणं. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की बंदिस्त जागेतल्या कामासाठी ती हवा असुरक्षित मानतात. १० टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. त्याहून खाली गेला तर काही मिनिटांत जीव जातो. यात विष काहीच नाही, फक्त हवेतला कामाचा भाग संपलेला असतो.

दुसरा कार्बन डायऑक्साइड. पालापाचोळा कुजला, मुळं कुजली, मातीतल्या जिवाणूंनी श्वास घेतला की तो तयार होतो. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या जवळपास असतं. ४ टक्क्यांची हवा जिवाला तातडीचा धोका मानली जाते, तर १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू. सेप्टिक टँक, गटार, शेणाचा खड्डा, साठलेली मळी इथला हा मुख्य मारेकरी.

चौथा मिथेन, म्हणजेच बायोगॅसमधला जळणारा वायू. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की एका ठिणगीनं भडका उडतो.

आणि पाचवा कार्बन मोनॉक्साइड. पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवलं, किंवा विहीर खोल करताना सुरुंग उडवले, तर तो साठतो. त्याला ना वास, ना रंग.

आता एक गंमत पाहा. खरं तर ती गंमत नाही. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची हवा विहिरीतल्या हवेपेक्षा गार आणि जड असते. ती आत उतरते, आतली वर येते आणि विहिरीची हवा आपोआप बदलते. उन्हाळ्यात उलटं होतं. बाहेरची हवा तापून हलकी झालेली, आतली गार आणि जड. आतली हवा जागची हलतच नाही. म्हणजे ज्या महिन्यांत आपण विहिरीत उतरतो, नेमक्या त्याच महिन्यांत विहिरीतली हवा कोंडलेली असते.

कंदील काय सांगतो आणि काय लपवतो?

आपल्याकडे यावर जुना उपाय आहे. पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. ज्वारी साठवायची जमिनीतली पेवं उघडतानाही हीच काळजी घ्यायची पद्धत होती: तोंड उघडलं की लगेच आत शिरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. बंद पेवात धान्यही श्वास घेतं, ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं.

कंदिलाची ही युक्ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. म्हणजे १८ टक्क्यांना ती जळत राहते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर कंदील पूर्ण आंधळा आहे. हा वायू हवेत एक हजार पीपीएम असला (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग), तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. एक हजार पीपीएम म्हणजे टक्केवारीत फक्त ०.१ टक्का. तेवढ्यानं ज्योतीला काहीही होत नाही. कंदील जळत राहील, माणूस पडेल.

आणि शेणाच्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये पेटता कंदील सोडणं म्हणजे मिथेनला काडी लावणं. तिथे ही युक्ती चुकूनही वापरू नये.

"वास तर येत नाही" हे का फसवं आहे?

हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही येतो, अनेकांना एका पीपीएमच्याही खाली. त्यामुळे वाटतं की नाक आपल्याला सावध करेल. पण प्रमाण १०० पीपीएमच्या घरात गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणूस म्हणतो, "गेला गॅस." प्रत्यक्षात गॅस तिथेच असतो, नाक गेलेलं असतं.

कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड यांना तर वासच नाही. त्यामुळे नाक आणि कंदील या दोघांच्या भरवशावर उतरणं म्हणजे जुगार. मोजणारं काहीतरी हवं, आणि ते माणसाच्या आधी खाली जायला हवं.

सेन्सर वायू ओळखतो कसा?

सर्वात जास्त विकला जाणारा प्रकार समजायला सोपा आहे. एका छोट्याशा तव्याची कल्पना करा. त्यावर टिन ऑक्साइडचा म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर दिलेला आहे. तवा २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हवेतला ऑक्सिजन या थरावर येऊन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. इलेक्ट्रॉन अडकले की वीज वाहायला अडथळा होतो. आता मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करून त्याला तिथून हटवतो. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, वीज सहज वाहू लागते. वीज किती सहज वाहते हे मोजलं की वायू किती आहे याचा अंदाज येतो.

जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये अशा सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती गॅसगळती ओळखायला हे सेन्सर जपानमध्ये घराघरांत गेले. आज ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी ‘एमक्यू’ मालिकेतली मॉड्यूलं ही त्यांचीच भावंडं.

या सेन्सरवर स्टीलच्या जाळीची टोपी असते. आत ४०० अंशांचा तवा, बाहेर जळणारा वायू. मग भडका का उडत नाही? कारण जाळी उष्णता शोषून घेते आणि आतली ज्योत बाहेर जाऊ देत नाही. हंफ्री डेव्हीनं १८१५ मध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी जाळीचा कंदील बनवला, त्यामागचं तत्त्व हेच.

मग कमी विजेचं एवढं महत्त्व का?

कारण अडचण त्या तव्यातच आहे. साध्या एमक्यू सेन्सरला तवा तापता ठेवायला सुमारे ८०० मिलिवॉट वीज लागते. चांगल्या टॉर्चमध्ये असते तशी २६०० एमएएचची लिथियम बॅटरी घ्या. तिच्यात साधारण ९.६ वॅट-तास वीज असते. म्हणजे सेन्सर चालला तर जेमतेम बारा तास. आज चार्ज केला, उद्या दुपारी बंद. वर्षातून चार वेळा लागणारं यंत्र नेमकं त्या चार दिवशी मेलेलं असेल, तर त्याचा उपयोग काय?

इथे सूक्ष्म सेन्सर येतात. मोबाइलची चिप जशी सिलिकॉनवर कोरतात, तसाच हा तवा सिलिकॉनवर कोरतात. त्याची रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी, जाडी केसाहूनही कितीतरी कमी, आणि तो कडांना बारीक पट्ट्यांवर अधांतरी टांगलेला. वस्तुमान इतकं कमी की तो काही मिलिसेकंदांत तापतो आणि तितक्याच झटकन गार होतो. अशा तव्याला साधारण २० मिलिवॉट पुरतात. सतत चालू ठेवला तरी तीच बॅटरी २० दिवस जाते.

झटकन तापत असल्यामुळे तो सतत तापवायचीही गरज नाही. दर मिनिटाला एकच सेकंद तापवला, तर हिशेबानं बॅटरी तीन वर्षांहून जास्त पुरेल. (हा हिशेब फक्त तव्याचा. स्क्रीन, बझर, मोबाइलला संदेश पाठवणारा भाग यांची वीज वेगळी.)

पण माणूस आत असताना मिनिटाला एक मोजणी चालणार नाही. एक हजार पीपीएमला माणूस दोन श्वासांत पडतो. तेव्हा दर पाच सेकंदांनी मोजायचं ठरवलं, तर बॅटरी शंभर दिवसांवर येते. तरीही बारा तासांशी तुलना केली तर हा फरक प्रचंड आहे. शेणाच्या खड्ड्यावर वर्षभर लटकवून ठेवायचा पहारेकरी आणि मजुराच्या खिशाला लावायचा पहारेकरी, दोन्ही त्यामुळे शक्य होतात.

तवाच नको, असं करता येईल का?

यावर आपल्या शेजारीच काम सुरू आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ‘रुसा सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड सेन्सर टेक्नॉलॉजी’ हे संशोधन केंद्र आहे. वीजवाहक पॉलिमर, कार्बनच्या नॅनोनळ्या आणि ‘एमओएफ’ म्हणजे धातू व सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार स्फटिकांपासून वायू ओळखणारे सेन्सर तिथे तयार केले जातात. यातले बरेच पदार्थ खोलीच्या तापमानालाच वायू ओळखतात. तवा नाही म्हणजे विजेचा मोठा खर्चही नाही. पुण्यातल्या ‘सी-मेट’ या केंद्र सरकारच्या संस्थेतही गॅस सेन्सरच्या पदार्थांवर संशोधन होतं.

एमओएफ हा शब्द ओळखीचा वाटत असेल, तर त्याचं कारण आहे: २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच स्फटिकांच्या शोधासाठी दिलं गेलं. त्यांच्या आत इतकी पोकळी असते की ठरावीक वायूचे रेणू त्यात जाऊन बसतात.

यातही अडचणी आहेत. तव्याची उष्णता चिकटलेला वायू आणि ओल झटकून टाकते. थंड सेन्सरला ती सोय नाही. एकदा वायू चिकटला की तो सुटायला वेळ लागतो, आणि दमट हवेत आकडा चुकतो. विहीर म्हणजे तर दमटपणाचं माहेरघर. म्हणून प्रयोगशाळेत उत्तम चाललेला सेन्सर विहिरीत तसाच चालेल असं नाही.

स्वस्त मॉड्यूलचा सापळा

आता सोशल मीडियावरच्या एका लोकप्रिय गोष्टीबद्दल. "दोनशे रुपयांत हवेची तपासणी" अशी रील तुम्ही पाहिली असेल. त्यात बहुतेक वेळा ‘एमक्यू-१३५’ हे मॉड्यूल असतं आणि ते कार्बन डायऑक्साइड मोजतं असं ठणकावून सांगितलेलं असतं.

तवा कसा काम करतो हे आपण आताच पाहिलं. चिकटलेल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करणारा वायू असेल तरच त्याला कळतं. कार्बन डायऑक्साइड हा आधीच जळून झालेला वायू. तो कशाशी अभिक्रिया करणार? त्यामुळे विहिरीतल्या या नेहमीच्या मारेकऱ्यापुढे हे मॉड्यूल जवळपास आंधळं आहे. त्यातच हा सेन्सर चालायला हवेत पुरेसा ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनच कमी असेल, तर त्याच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मुलांनी विज्ञान प्रदर्शनात ते जरूर वापरावं. पण त्याच्या ‘ओके’वर माणूस विहिरीत सोडू नये. सेन्सर नसला तर माणूस निदान घाबरून उतरतो. चुकीचा सेन्सर त्याला निर्धास्त करतो.

मग भरवशाचं यंत्र कोणतं?

गटारं आणि कारखान्यांत वापरतात ते ‘फोर गॅस डिटेक्टर’. तळहाताएवढं हे यंत्र ऑक्सिजन, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार आकडे दाखवतं. त्यातले ऑक्सिजन आणि दोन विषारी वायूंचे सेन्सर बहुधा विद्युत-रासायनिक असतात, म्हणजे बॅटरीच्या सेलसारखे. वायू आत शिरला की स्वतःच वीज तयार होते. म्हणून त्यांना तवा लागत नाही. मात्र त्यांचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं असतं, आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात आतलं रसायन सुकू शकतं. वापरण्याआधी ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून ते वाजतं का हे तपासावं लागतं.

पण विहिरीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. या चारांत कार्बन डायऑक्साइड नाही. समजा विहिरीत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेरून येऊन मिसळला. त्यानं ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १९.९ टक्क्यांवर येईल. यंत्राची ऑक्सिजनची घंटा १९.५ ला वाजते, म्हणजे ती वाजणार नाही. आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड तर धोक्याच्या रेषेच्या पलीकडे आहे. म्हणून विहीर आणि पेव यांसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेलं यंत्र मागावं. हा सेन्सर अवरक्त प्रकाश वापरतो, कारण हा वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. पूर्वी तो बराच मोठा आणि बॅटरी खाणारा असे. आता सेंटिमीटरभर आकारात आणि फार थोड्या विजेवर चालणारे मिळतात. तो घेताना मात्र टक्क्यांमध्ये मोजणारा आहे ना हे बघावं. खोलीतली हवा तपासणारे अनेक सेन्सर ०.५ टक्क्यालाच थांबतात.

वापरायचं कसं?

अशी यंत्रं पंधरा-वीस हजारांपासून पुढे मिळतात. एका शेतकऱ्याला ते जड जाईल. पण गाव म्हणून विचार केला तर ग्रामपंचायतीकडे एक यंत्र, ते चार्ज करून ठेवणारा आणि वापर माहीत असलेला एक माणूस, एवढं अशक्य नाही.

यंत्र आलं तर क्रम असा ठेवा:

१. यंत्र दोराला बांधून आधी काठाजवळ, मग मध्यावर, मग तळाशी न्या. प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं थांबा. सेन्सरला आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. काठावरचा आकडा तळाबद्दल काहीच सांगत नाही.

२. यंत्र वाजलं तर हवा बदला. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा. इंजिन विहिरीपासून दूर ठेवा. मग पुन्हा मोजा. फांदी वर-खाली करून किंवा पाणी ओतून हवा थोडी हलते, पण किती सुधारली हे मोजल्याशिवाय कळत नाही.

३. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर, दोराचं दुसरं टोक वर दोन-तीन माणसांच्या हाती, आणि यंत्र त्याच्या छातीशी चालू. गाळ ढवळला की आत अडकलेला वायू सुटतो. म्हणून काम सुरू झाल्यावरही मोजणी बंद करायची नाही.

४. आतला माणूस पडला तर दोरानं वर ओढा. कुणीही मागोमाग उतरू नका. ११२ किंवा १०८ ला फोन करा आणि आत वायू आहे हे आधी सांगा. श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनीच उतरावं. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा साधा मास्क याचा काहीही उपयोग नाही. तो ऑक्सिजन तयार करत नाही.

सेप्टिक टँकचं मात्र वेगळं आहे. तिथे सेन्सर असो वा नसो, माणूस उतरवायचाच नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँक आणि गटारात माणूस उतरवून सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. उपसा करणारं सक्शन मशीन बोलवा; ते महाग वाटलं तरी स्वस्तच पडतं.

शेवटी

अशा घटनांत पहिला माणूस वायूची कल्पना नसल्यामुळे जातो. त्याच्यामागे उतरणारे जिव्हाळ्यापोटी जातात. आपला माणूस खाली पडलेला दिसत असताना काठावर उभं राहणं कुणालाही जमत नाही, आणि "उतरू नका" असं ओरडणाऱ्याचं त्या क्षणी कुणी ऐकतही नाही. अशा वेळी हातातल्या यंत्रावर तळातल्या हवेचा आकडा दिसत असेल आणि घंटा वाजत असेल, तर पुढे टाकलेलं पाऊल मागे घेता येतं.

सेन्सर लहान झाला, कमी वीज खाऊ लागला, म्हणजे तो त्या क्षणी चालू असण्याची शक्यता वाढली. तो विहिरीवर असणं मात्र आपल्यावर आहे. गाळ काढायचे दिवस येण्याआधी ग्रामसभेत एवढा एक विषय मांडून बघा. आणि यंत्र येईपर्यंत नियम एकच: दोराशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि पडलेल्याच्या मागे कुणी जायचं नाही.